समासात लिहिलेलं

नोकरी सोडून कादंबऱ्यांचं संपादन सुरू केलं, तेव्हा पहिली आली ती सुमंतरावांची. त्यातली विधवा पानभर हुंदके द्यायची, अगदी नाटकी. म्हणून मी समासात लिहिलं, "बाबा गेल्यावर माझी आई वर्षभर त्यांचा सदरा उशीला घालून झोपायची. हे फक्त तुम्हाला समजावं म्हणून, वापरू नका. असं तुमचं काही शोधा."

शोधतो कशाला! प्रकाशनाच्या कार्यक्रमात त्या लबाडाने तोच सदरा, तीच उशी दाटल्या गळ्याने वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. पुस्तकात माझं नाव छापलंय म्हणून मी आईला मनीषनगरहून मुद्दाम आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नूपुर, तू त्याले हे काहून सांगितलं वं?"