जेट्टीवरचं वाचन

"भाईंदरचं आशास्थान," काशीनाथ जेट्टीच्या खांबावरचा वाढदिवसाचा फलक मोठ्याने वाचू लागले, "युवकांचा बुलंद आवाज, भावी नगरसेवक…"

"याचा वाढदिवस गेल्या महिन्यात झाला ना हो?" गिरिजाने विचारलं.

"तो काकाचा. हा पुतण्या."

काशीनाथांना राजकारणात फार रस आहे, असा त्यांच्या मीरा रोडच्या सोसायटीत समज होता. खरं कारण डाव्या गुडघ्यात होतं. गुडघ्यात कळ आली की त्यांना थांबावं लागे, आणि नुसता थांबलेला म्हातारा लोकांना बघवत नाही. कुणी खुर्ची आणतं, कुणी मुलाचा नंबर मागतं. वाचणाऱ्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही. शहरात खांबाखांबाला कुणीतरी जन्मलेलं असल्यामुळे काशीनाथांचं चालणं आजवर निभावलं होतं. काठी त्यांनी घेतली नव्हती. हातात लांब दांड्याची छत्री होती. जानेवारीत.

"काशीनाथभाई, बारिश होनेवाली है क्या?" मागून जितेशभाईंनी विचारलं. जितेशभाई सोसायटीच्या ज्येष्ठ मंडळाचे सहलप्रमुख. भाईंदरहून माणसं आणि मोटारसायकली एकत्र भरून वसईला जाणाऱ्या बोटीला त्यांनी ग्रुपवर 'क्रूझ' म्हटलं होतं, आणि पलीकडच्या धक्क्याला 'सीनिक पोर्ट'.

"हवामान खात्यावर माझा विश्वास नाही," काशीनाथ म्हणाले.

वसईचा किल्ला गिरिजाला बघायचा होता, दोघं गिरगावात राहत होते तेव्हापासून. तेव्हा काशीनाथ म्हणाले होते, रिटायर झाल्यावर जाऊ. रिटायर झाल्यावर गुडघा आला. गिरिजाने विषय पुन्हा काढला नाही. फक्त सहलीचा मेसेज आला त्या दिवशीच तिने साडीला इस्त्री केली. आज किल्ला बघायचाच, असं काशीनाथांनी ठरवलं होतं. गुडघ्याचं काय ठरलंय, ते कळायला मार्ग नव्हता.

बोटीत त्यांच्याशेजारी राई गावची मासळीवाली रुक्मिणी सुकटीची पाटी घेऊन बसली होती. तिने छत्रीकडे पाहिलं, मग पायाकडे.

"दादा, गुडघा हाय ना?"

"नाही. छत्रीची सवय आहे."

"माज्या मालकाचा पन हाय. तो पन कबूल करत न्हाय."

गिरिजा खाडीकडे बघत राहिली. तिचे खांदे मात्र जरा हलले.

वसईला उतरताना ओहोटी होती. उताराच्या धक्क्यावर शेवाळ होतं आणि छत्रीचं टोक सरकत होतं. मंडळी फोटो काढत पुढे गेली. समोर नारळाची झाडं, वाळत टाकलेली जाळी, त्यामागे किल्ल्याची काळी भिंत आणि बुरुज. दृश्य जितेशभाईंनी सांगितलं होतं तसंच निघालं, ही त्यांच्या बाबतीत नवी गोष्ट होती. काशीनाथांनी खांब शोधले. एकावरही कुणाचा वाढदिवस नव्हता. वाटेवर एकच निळा फलक होता, संरक्षित स्मारकाचा. नासधूस करणाऱ्याला काय शिक्षा होईल, ते त्यांनी मराठीतून वाचलं, मग हिंदीतून, मग इंग्रजीतून.

"चलो काशीनाथभाई, लौटने की बोट छूट जाएगी," जितेशभाई पुढून ओरडले.

"झालं वाचून?" गिरिजाने विचारलं.

"तू हो पुढे."

"तुमच्याशिवाय कशाला? राहू दे. भिंत दिसतेय की इथून."

हे 'राहू दे' त्यांच्या ओळखीचं होतं. सिनेमा राहू दे, भावाकडे जायचं राहू दे. तक्रार त्यात कधीच नसे. सोय असे, ती काशीनाथांची. त्यांनी फलकाकडे पाठ केली.

"गिरिजा, मला आता चालवत नाही."

"माहितीय."

"कधीपासून?"

"तो काका भावी नगरसेवक होता ना, तेव्हापासून."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही वाचत होतात."

काशीनाथ बाजूच्या दगडावर बसले. बसताना तोंडातून आवाज निघाला, तो त्यांनी या वेळी खोकल्यात लपवला नाही.

"जा तू. सगळं बघून ये. मला इथे बरं वाटतंय."

"नक्की?"

"जा म्हणतो ना."

ती निघाली. थोडी गेली, थांबली, मागे बघितलं. त्यांनी हातानेच 'जा' केलं. मग तिने निऱ्या जरा वर खोचल्या आणि चालू लागली. फोटो काढणाऱ्यांना तिने मागे टाकलं. जितेशभाईंनाही मागे टाकलं. पदर वाऱ्यावर आडवा झाला, तो धरायलाही ती थांबली नाही. काशीनाथ उठून उभे राहिले. गिरिजा सावकाश चालते, म्हणून आम्हाला सगळीकडे उशीर होतो, असं ते आजवर सगळ्यांना सांगत आले होते.

दरवाजापाशी ती वळून बघेल म्हणून त्यांनी हात वर धरला होता. ती तशीच आत गेली. काशीनाथांनी हात जरा वेळाने खाली घेतला.