कमी आवाजाचा कूलर

पिपलानीतल्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वंदना देवपुजारीला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. सकाळी ती कामावर गेली की घरात तिचा नवरा उदय आणि सासूबाई कमलिनीबाई, एवढीच माणसं उरत. उदय बाहेरच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं करायचा. आई आतल्या खोलीत पलंगावर असे. पार्किन्सनमुळे आधी हातांना कंप आला, मग पावलं अडखळू लागली, आणि आता आवाज बसत चालला होता. नागपूरहून आलेली ही बाई एकेकाळी मंडळाच्या नाटकात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची.

मार्चमधल्या एका दुपारी ती न्हाणीघराच्या दारात पडली. कॉम्प्युटरवर जड काम चाललं होतं आणि प्रोसेसरवरचा छोटा पंखा घोंघावत होता. उदय पाणी प्यायला उठला, तेव्हा त्याला ती दिसली.

"हाक का नाही मारलीस?" तिला उठवताना त्याने विचारलं.

"मारत होते," ती म्हणाली. तेही त्याला ओठांवरून कळलं.

हाड मोडलं नाही, एवढंच. तिला घंटी देऊन झालं होतं, पण हात थरथरला की ती सारखी वाजायची. तिनेच काढून ठेवायला लावली. कॉम्प्युटरचं टेबल तिच्या खोलीत नेलं, तर त्या घोंघाटाने तिचा डोळा लागेना. शेवटी प्रोसेसर थंड ठेवणारा, कमी आवाजाचा कूलर घ्यायला उदय टी. टी. नगरला श्यामच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला.

"पानीवाला मत लो भैया, उसका पंप गुनगुन करता है," श्याम म्हणाला. "बड़े पंखेवाला लो. धीरे घूमेगा, आवाज़ कम. कैबिनेट नापी है?"

मोजलेलं नव्हतं. नेलेला कूलर इतका उंच निघाला की कॅबिनेटचं झाकण लागेना. तो बदलून उदयने जरा बुटका आणला.

"कूलर आणलास?" आईने विचारलं. "खस नवी घातली का?"

"तो नाही गं, हा कॉम्प्युटरचा."

आई हसली. हसण्याचाही आवाज आला नाही.

त्याने जुना पंखा काढला, प्रोसेसर पुसून त्यावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, नवा कूलर बसवला आणि मुद्दाम जड काम सुरू केलं. मशीन चालू आहे की नाही, हे हात लावून बघावं लागलं. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, ते ऐकू आलं. थोड्या वेळाने आतून "उदय" असं आलं. तो धावत गेला. तिला फक्त उशी सरकवून हवी होती.

"ऐकू आलं तुला?"

"आलं ना."

त्यानंतर ती हाक मारत राहिली आणि तो उठत राहिला. वंदनालाही कामावर जरा निर्धास्त वाटू लागलं.

पण आवाज आणखी खाली गेला. डॉक्टरांनी सांगितलेले स्वरांचे व्यायाम ती करायची आणि दमून मध्येच थांबायची. उदयने सेटिंगमध्ये जाऊन पंख्याचा वेग उतरवला, तर प्रोसेसर तापून काम रखडायला लागलं. एप्रिलच्या उकाड्यात त्याने छताचा पंखाही बंद ठेवला. मग पुन्हा दुकान गाठलं.

"इससे भी साइलेंट?" श्यामने विचारलं. "इससे कम तो बंद मशीन ही होगी. किसलिए चाहिए?"

"माँ की आवाज़ सुनाई नहीं देती."

श्यामने स्टूल पुढे सरकवलं आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी उदयने कॉम्प्युटर लावलाच नाही. तो आईच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसला. दुपारी तिने त्याच्याकडे बघून ओठ हलवले. त्याने कान तिच्या तोंडाजवळ नेला. उष्ण श्वास लागला, शब्द लागला नाही.

"पाणी?"

तिने मान हलवली. नाही.

"पाय दाबू? वंदनाला फोन लावू?"

ती पुन्हा बोलली. बरंच लांबलचक काहीतरी होतं. बोलताना तिचे डोळे भरून आले. उदयने घरातला फ्रिजही बंद केला आणि परत येऊन कान लावला.

"हो आई," तो अखेर म्हणाला.

त्याला कळलेलं नाही, हे तिला कळलं. तिने थरथरता हात त्याच्या गालाला लावला आणि डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी वंदना आली. "काय म्हणत होत्या आज?" चपला काढताना तिने विचारलं.

"खूप बोलली," उदय म्हणाला. "काय ते कळलं नाही."