बर्फकाकांचा वर झालेला हात

बर्फकाकांनी व्यासपीठाच्या खालच्या पायरीवर बुटाचं टोक ठेवून ती दाबून पाहिली. पायरी कुरकुरली. मग त्यांनी कठडा शोधला. कठडा होता, पण पलीकडे, जिथून लोक सन्मानचिन्ह घेऊन खाली उतरणार होते तिथे. चढायच्या बाजूला नुसती हवा होती.

डेकोरेशनवाला खुर्च्यांना पांढरी कापडं चढवत होता.

"हा कठडा इकडे नाही का घेता येणार?" काकांनी अगदी सहज सुचल्यासारखं विचारलं.

"तुम्ही पण सत्कारमूर्ती का?"

"हो. का?"

"सकाळपासून एकेक सत्कारमूर्ती येतोय आणि पायऱ्या बघून जातोय. एकाला कठडा डावीकडे पाहिजे, एकाला उजवीकडे. एक साहेब म्हणाले, पायऱ्याच काढा आणि उतार करा. तुम्हा लोकांना बक्षीस घ्यायचंय की डोंगर चढायचाय?"

काका हसले. एरवी एवढ्यावरून त्यांना पुष्कळ काही कळलं असतं, पण त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या उजव्या गुडघ्यात होतं.

बर्फकाका हे गावातल्या जुन्या फुटबॉल क्लबचे ट्रेनर. खेळ शिकवणारे वेगळे. खेळताना जे मुरगळतं, सुजतं आणि फाटतं ते पुन्हा कामाला लावणारे काका. सामना चालू असला की ते बाकावर मांडीवर बॅग घेऊन बसत, आणि मैदानात कुणाचा हात वर झाला की बॅग उचलून पळत सुटत. कशावरही त्यांचा पहिला इलाज बर्फ. एका गोलकीपरचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही काकांनी नकळत त्याच्या हातात बर्फाची पिशवी दिली होती, असं क्लबमध्ये सांगतात. त्याला बरं वाटलं, असंही सांगतात.

खेळाडूंना त्यांचा एकच नियम होता. दुखलं की हात वर करायचा, लाजायचं नाही. आणि जखमी झालेला प्रत्येक जण त्यांना एकच प्रश्न विचारी. काका, पुढची मॅच खेळेन ना? खेळण्यासारखा असला तर काका खेकसत, "न खेळायला काय धाड भरलीय तुला?" नसला तर शांतपणे म्हणत, "आधी बर्फ, मग बघू." हे वाक्य काही त्यांचं एकट्याचं नव्हतं. त्या धंद्यातले सगळेच ते वापरत. त्याने पोराला धीर येतो आणि आपल्याला खोटंही बोलावं लागत नाही.

आता ट्रेनर लोकांच्या संघटनेने आयुष्यभराच्या सेवेबद्दल काकांचा सत्कार ठेवला होता. काकांना सत्काराचं फार कौतुक नव्हतं. त्यांना पुढचा सीझन हवा होता. क्लबचे सेक्रेटरी प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते आणि त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "काका, स्टेजवरूनच जाहीर करतो. पुढच्या वर्षीही तुम्हीच. फक्त पळता येतंय ना? नाहीतर मग नवीन माणूस बघायला लागेल."

"पळतो की," काका म्हणाले होते. तेव्हा ते फ्रिजला धरून उभे होते.

काकूंनी ते ऐकलं होतं. गेले काही महिने जिना उतरताना नवरा पाठमोरा उतरतो, हेही त्यांनी पाहिलं होतं. बोलून उपयोग नाही हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं, तरी निघताना त्यांना राहवलं नाही.

"दाखवा की एकदा कुणाला तरी."

"कुणाला दाखवू? ज्याला दाखवायचं तो माणूस मीच."

"लोकांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तुमची तर सुजलीय."

काका न्हाणीघराचं दार लावून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होते. चिकट पट्टी! हे कुणाला कळलं असतं तर त्यांची अब्रू गेली असती. कारण पट्टी हा चिकटपट्टींचा प्रांत होता. चिकटपट्टी म्हणजे समोरच्या क्लबचे ट्रेनर. त्यांना सगळे तोंडावरही त्याच नावाने हाक मारत. बर्फाने माणूस नुसता गारठतो, सांधा धरून ठेवते ती पट्टी, असं त्यांचं म्हणणं. गेली कित्येक वर्षं हे दोघे समोरासमोरच्या बाकांवर बसून एकमेकांच्या इलाजांना नावं ठेवत आले होते, आणि सामना संपला की एकाच स्कूटरवरून घरी जात होते.

"आणि ती बॅग राहू दे," काकांनी आतून बजावलं. "सत्काराला जातोय आपण."

"बरं," म्हणून काकूंनी बॅग उचलली.

संध्याकाळी सभागृह भरलं. इतके ट्रेनर एका जागी जमले की मोठी पंचाईत होते. या मंडळींना माणसं चेहऱ्यावरून कमी आणि चालीवरून जास्त कळतात. बसलेल्याला ओळख देत नाहीत, तो उठून दोन पावलं चालला की मग, "अरे, तू होय!" म्हणून मिठी मारतात. हातात हात घेतला तरी नजर खाली बुटांवर. काकूंना हे ठाऊक होतं म्हणून त्या नवीन चप्पल घालून आल्या नव्हत्या. बहुतेक खुर्च्यांखाली एकेक बॅग होती. समारंभाला बॅग नको हे प्रत्येकाला घरून सांगितलेलं असणार, आणि प्रत्येकाने घेतलेली होती.

काका पहिल्या रांगेत जाऊन बसले ते थेट खुर्चीत. कुणालाही भेटायला उठले नाहीत.

"फार शिष्ट झालास," शेजारून चिकटपट्टी म्हणाले. त्यांचाही सत्कार होता. तेही उठले नव्हते.

"तू नाही झालास?"

"मी दमलोय. सकाळी सात-आठ किलोमीटर पळून आलो."

"मी दहा," काका म्हणाले.

निवेदिकेने पहिलं नाव पुकारलं. एक जाडजूड गृहस्थ ताठ मानेने पायऱ्या चढले. सेक्रेटरींनी त्यांच्या हातात सन्मानचिन्ह दिलं. संगमरवराचा चांगला जड ठोकळा होता आणि त्यावर पितळेचा एक धावणारा माणूस. गृहस्थ कमरेत न वाकता, गुडघ्यात वाकून ते वजन पोटाशी घेऊन उठले. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेली रीत. सभागृहातून पसंतीची कुजबुज झाली. सेक्रेटरींना वाटलं, लोकांना सन्मानचिन्ह आवडलं.

मग चिकटपट्टी. ते अर्ध्या पायऱ्या चढून मधेच थांबले, वळले आणि लोकांकडे बघून हात हलवू लागले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. त्यांनी पुरेसा वेळ हात हलवला आणि मग उरलेल्या पायऱ्या घेतल्या. सन्मानचिन्ह घेऊन ते खाली न उतरता व्यासपीठावरच्याच खुर्चीत जाऊन बसले.

बर्फकाका खुर्चीत पुढे सरकले. मधेच थांबून हात हलवणं हा चिकटपट्टींचा स्वभाव नव्हता. तो माणूस दम घेत होता. पण हा विचार पुरता व्हायच्या आत निवेदिकेने काकांचं नाव घेतलं.

पायऱ्यांपर्यंत काका छान चालले. पट्टीने आपलं काम केलं. पहिली पायरी त्यांनी डाव्या, चांगल्या पायाने घेतली. खरं म्हणजे दुसरीही डाव्यानेच घ्यायला हवी होती; तसं त्यांनी हजारदा लोकांना सांगितलं होतं. पण प्रत्येक पायरीला तोच पाय पुढे टाकणारा माणूस म्हणजे काय, हे त्या सभागृहात कुणालाही सांगावं लागलं नसतं. त्यांनी दुसऱ्या पायरीवर उजवा टाकला, त्याच्यावर भार दिला आणि गुडघा अडकला. वाकेना आणि सरळही होईना.

टाळ्या चालू होत्या. मग पुढच्या रांगांतल्या थांबल्या, मग मागच्या. निवेदिका त्यांच्या सेवेबद्दल भरभरून वाचत होती. वर सेक्रेटरी सन्मानचिन्ह दोन्ही हातांनी धरून हसत उभे होते. जाहीर करायचं ते त्यांच्या ओठावर आलेलं दिसत होतं. अजून दोनच पायऱ्या होत्या. दात-ओठ खाऊन काका चढलेही असते. मधेच वळून हात हलवायची युक्तीही होती.

मैदानात अशी उभी राहिलेली पोरं त्यांनी किती पाहिली होती. पाय अधांतरी आणि तोंडावर हसू. काही नाही काका, काही नाही. त्या प्रत्येकाला काकांनी शिवी हासडली होती. आता त्यांना शिवी हासडेल असं तिथे कुणी नव्हतं, म्हणून ती त्यांनी मनातल्या मनात स्वतःलाच हासडली. आणि हात वर केला.

सेक्रेटरींनीही हसून हात हलवला. निवेदिकेने हलवला.

सभागृहात मात्र एकदम खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सगळे उठले. कुणी हाक मारली नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. खुर्च्यांखालच्या बॅगा वर आल्या आणि माणसं धावत सुटली. पायरीवर उभ्या उभ्या काकांनी मान वळवली आणि ते बघतच राहिले. धावताना लंगडणं लपवता येत नाही. ते जाडजूड गृहस्थ कमरेवर हात ठेवून वाकडे धावत होते. कुणाचा घोटा आत वळत होता, कुणी एक पाय नुसताच ओढत होतं. मघापर्यंत ऐटीत बसलेलं अख्खं सभागृह खुरडत त्यांच्याकडे येत होतं, आणि कुणाचंही स्वतःच्या पायाकडे लक्ष नव्हतं. काकांना हसू आलं. त्या सगळ्यांवर त्यांचा फार जीव आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

सगळ्यात आधी पोचले चिकटपट्टी, कारण ते वरून आले. एका खुब्यावर तिरके होत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ते उतरले आणि त्यांनी काकांना काखेत धरून पायरीवर बसवलं.

"डावा खुबा," काका म्हणाले. "किती दिवस झाले?"

"तू गप बस. पेशंट तू आहेस."

"दहा किलोमीटर पळालास म्हणे."

"सात-आठ. दहा तू पळालास. सगळे मागे सरा, हवा येऊ द्या!"

भोवती गर्दीत एव्हाना शेकायचं की पाय आधी उंच करायचा यावर वादावादी पेटली होती. चिकटपट्टींनी काकांची विजार गुडघ्यापर्यंत वर गुंडाळली आणि ते थांबले.

"ही पट्टी कुणी बांधली?"

काकांनी छताकडे पाहिलं. "मीच."

"तेच म्हटलं." चिकटपट्टींनी कात्री मागितली. चारी बाजूंनी कात्र्या पुढे आल्या. "दुखतंय कुठं? एका बोटाने दाखव."

काकांनी बोट ठेवलं. चिकटपट्टींनी तिथे अंगठा दाबला, पाय हळूच हलवून पाहिला, पुन्हा दाबला. आजूबाजूचे गप्प झाले, कारण सगळे त्या अंगठ्याकडे बघत होते.

"पाय उंच हवा," चिकटपट्टी म्हणाले आणि त्यांनी वर हात केला. जवळ येऊन वाकलेल्या सेक्रेटरींच्या हातातलं सन्मानचिन्ह त्यांनी काढून घेतलं, आडवं करून वरच्या पायरीवर ठेवलं आणि काकांची टाच त्याच्यावर टेकवली. उंची बरोबर जमली. पितळेचा माणूस हवेत धावत राहिला.

तेवढ्यात गर्दीतून काकू आल्या. पाण्याच्या बाटल्यांच्या टबातला बर्फ त्यांनी काकांच्याच बॅगेतल्या पिशवीत भरून आणला होता. त्यांनी ती चिकटपट्टींच्या हातात दिली. बर्फाची पिशवी हातात घ्यायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. त्यांनी ती जरा अवघडूनच धरली.

"मेजर काही नाही ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

काकांनी सेक्रेटरींकडे पाहिलं नाही. ते चिकटपट्टींकडे बघत होते, आणि तोंडातून शब्द निघाले तेव्हा ते कुणाचे आहेत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"पुढचा सीझन खेळेन ना रे?"

चिकटपट्टींनी आधी बर्फाची पिशवी नीट सपाट केली आणि गुडघ्यावर ठेवली.

"आधी बर्फ," ते म्हणाले. "मग बघू."

सेक्रेटरींचा चेहरा खुलला. ते घाईने वर गेले, त्यांनी निवेदिकेच्या हातातून माइक घेतला आणि काळजीचं कारण नाही, काका लवकरच बरे होतील, असं जाहीर करून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळ्या एकट्याच वाजल्या. पायऱ्यांभोवतीचे लोक खाली आपापल्या बुटांकडे बघत होते.

"गार लागतंय," जरा वेळाने काका म्हणाले.

काकू त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी पिशवीवर हात ठेवला.

"तुम्हीच सांगता ना," त्या म्हणाल्या, "थोडा वेळ लागतं म्हणून."