लवूचा घागरा

परळच्या एका गिरणीत सांचेखात्याचा, म्हणजे मागांच्या खात्याचा, गोरा मास्तर होता. त्याचं नाव मॅकफी, पण सांचेवाल्यांच्या तोंडी त्याचा माफीसाहेब झाला होता. कापडात एक तार चुकली तरी तो कुणाला माफ करत नसे, ही गोष्ट वेगळी.

लवू घडशी त्याच्याच हाताखाली माग चालवायचा. गाव संगमेश्वराकडचं. घरात पिढ्यान् पिढ्या देवळात सनई वाजवण्याचं काम. देवळाच्या शिध्यावर सगळ्या भावांची पोटं भरेनात, म्हणून लवू आगबोटीत बसून मुंबईला आला आणि बायकोला, शेवंताला, घेऊन चाळीत राहिला. सनईही बरोबर आणली होती. पण दिवसभर मागांच्या खडखडाटात कान बधिर व्हायचे आणि संध्याकाळी ती हातात घ्यावीशी वाटायची नाही.

माफीसाहेबाचा बंगला गिरणीच्या मागेच होता. दिवे लागायच्या वेळी तो व्हरांड्यात उभा राहून मशकबाजा वाजवायचा. काखेत पिशवी, खांद्यावर तीन नळ्या, आणि खाली बोटांशी एक सनईसारखी पुंगी. बाकीचे सांचेवाले कानांवर हात ठेवून पुढे जायचे. लवू मात्र कुंपणापाशी रेंगाळायचा. खाली धरलेला तो न तुटणारा सूर त्याला थेट देवळाच्या नगारखान्यात नेऊन सोडायचा. एकदा साहेबाने त्याला आत बोलावलं.

"आवडतं तुला?" साहेबाचं मराठी खात्यातच शिकलेलं, पण चालण्यासारखं होतं.

"मी सनई वाजवतो साहेब. आमचा सूर धरायला दुसरा माणूस लागतो. तुमचा सूर पिशवीच धरते."

साहेब हसला आणि त्याने पिशवी लवूच्या काखेत दिली. त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पुढे साहेबाची बोटं संधिवाताने आखडली. मग तो खुर्चीत बसून नुसता गुणगुणायचा आणि लवू वाजवायचा. चुकला की साहेब जमिनीवर काठी आपटायचा, खात्यात आपटायचा तशीच.

अठराशे चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर साहेबाने सांगितलं, की होळीच्या सुमारास तो कायमचा मायदेशी जाणार. मशकबाजा तो लवूला देऊन जाणार होता.

"माझी होडी पालव्या बंदरातून सुटेल, तेव्हा तू वाजव," साहेब म्हणाला. "माझ्या आजोबाला वेशीपर्यंत असंच वाजवत सोडलं होतं. आणि पुरा पोशाख घालून वाजव."

पुरा पोशाख म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा लोकरी घागरा. कुलाब्याच्या बराकीतल्या घागरेवाल्या पलटणीचे गोरे शिपाई लवूने पाहिले होते. त्यांच्या चालीबरोबर मागच्या चुण्या कशा झुलतात हे पाहण्यासाठी तो एकदा त्यांच्या मागोमाग बरंच अंतर चालत गेला होता. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला साहेब त्याला जुन्या किल्ल्याच्या कोटातल्या एका दुकानात घेऊन गेला. दुकान एका म्हाताऱ्या गोऱ्याचं होतं, पलटणींचे पोशाख शिवणारं. भिंतीवर चौकड्यांचे नमुने टांगलेले. म्हाताऱ्याने साहेबाला काहीतरी विचारलं आणि लवूकडे चष्म्यावरून पाहिलं.

"तो विचारतो, घराणं कोणतं," साहेबाने सांगितलं. "आमच्यात प्रत्येक घराण्याची चौकड वेगळी. दुसऱ्याची घालायची नाही."

लवूच्या मनात आलं, घडशांना कसली चौकड.

साहेब म्हाताऱ्याकडे वळून थोडंसंच बोलला. म्हाताऱ्याची भुवई वर गेली, पण त्याने मान डोलावली.

"माझीच देतोय तुला," साहेब बाहेर बघत म्हणाला. "मला मूलबाळ नाही. माझ्यामागे ती कुणी घालणार नाही."

माप महादेव शिंप्याने घेतलं. हा गिरगावचा, दुकानातला जुना कारागीर. त्याने लवूला गुडघ्यांवर बसवलं आणि कंबरेपासून जमिनीपर्यंत फीत लावली. "बसल्यावर जमिनीला टेकता कामा नये, हेच याचं माप," तो म्हणाला. "कापड मात्र विलायतेहून येईल. ही चौकड इथे कुणी मागत नाही."

तेव्हापासून लवूच्या जिवाला स्वस्थता उरली नाही.

कापड केव्हा येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दर सुट्टीला तो परळहून चालत निघायचा, लालबाग, भायखळा मागे टाकत कोटात पोचायचा आणि दुकानाच्या दारात उभा राहायचा. महादेव काचेतूनच मान हलवायचा. तरी लवू आत जाऊन विचारायचा. मागावर धागा तुटला तरी त्याचं लक्ष नसायचं. बंदराकडून भोंगा ऐकू आला की त्याला वाटायचं, हीच ती बोट. दोनदा त्याचं मागावरचं कापड वाया गेलं आणि साहेबाने सगळ्यांदेखत त्याला झापलं.

चाळीत गोष्ट पसरली होती. "लवू, घागऱ्याबरोबर चोळी पण शिवतायत का रे?" असं नळावर कुणीतरी रोज विचारायचं. लवूला त्याचं काही वाटत नसे. शेवंताला वाटे. एकदा ती बाजारातून परतली, तर हा तिचं चौकड्यांचं लुगडं कंबरेला गुंडाळून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता.

"देवा रामेश्वरा," ती दारातच बसली. "याड लागलं काय तुमास्नी?"

"पाऊल बघत होतो. झोका येतो का ते."

"सायेब जातोय, त्याचं दुःख नाय. नुसता घागरा, घागरा."

लवूने लुगडं सोडून त्याची घडी घातली. साहेब जाणार हे त्याला कळत होतं, पण ते दिवस पुढे होते आणि घागरा त्यांच्याही अलीकडे होता. तो एकदा अंगावर आला की मग बाकीचं बघू, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

माघात कापड आलं. लवूने त्यावर हात फिरवला. गर्द हिरवं, त्यात काळी आणि पिवळी रेघ. आता शिवायचा तेवढा अवकाश, असं वाटत असतानाच महादेव तापाने आजारी पडला. चुण्या हाताने घालायच्या, प्रत्येक चुणीवर रेघेशी रेघ जुळवायची. दुसऱ्या कुणाला ते काम म्हातारा देईना. लवू गिरगावात महादेवाच्या घरी जाऊन आला. त्याच्या बायकोने दारातूनच सांगितलं, "भाऊ, माणूस आधी उठून बसू दे."

महादेव उठला तेव्हा साहेबाच्या जाण्याला थोडेच दिवस उरले होते. "त्याच दिवशी सकाळी मिळेल," त्याने सांगितलं. "त्याच्याआधी ब्रह्मदेव आला तरी नाही."

लवूने साहेबाला हे सांगितलं. साहेबाचं अर्धं सामान बांधून झालं होतं. तो म्हणाला, "नाही मिळाला तर धोतरात ये. पण ये."

त्या सकाळी लवू मशकबाजा घेऊन निघाला. शेवंताने साहेबासाठी नारळीपाकाच्या वड्या केल्या होत्या. ती गिरणीतल्या काही माणसांबरोबर परस्पर बंदरावर जाणार होती.

"मी घागरा घालून तिथंच येतो," लवू म्हणाला.

"उशीर करू नका."

दुकान उघडण्याआधीच तो पायरीवर बसला होता. महादेव आला, मांडी घालून बसला आणि शिवू लागला. चुण्या झाल्या होत्या. चामड्याचे पट्टे लावायचे राहिले होते. लवू बसला, उठला, दारापर्यंत गेला, परत आला. राजाबाई टॉवरचे टोले पडले. त्याने ते ऐकले आणि पुन्हा सुईकडे बघत राहिला.

"तू जा लवू," महादेव मान वर न करता म्हणाला. "सुई माझ्या हातात आहे. बोट नाही."

"आता किती राहिलंय?"

"एक पट्टा."

"मग थांबतो."

शेवटी टाका तोडून महादेवाने घागरा झटकला. लवू आडोशाला जाऊन तो नेसला. घागरा जड होता. कंबरेवर एखाद्याने दोन्ही हात ठेवून उभं करावं तसा तो बसला. दुकानात माणसाएवढा आरसा होता. लवू त्याच्यासमोर उभा राहिला, वळला, एक पाऊल टाकलं. मागच्या चुण्या झुलल्या. तो पुन्हा वळला. किती वेळ गेला ते त्याला समजलं नाही. महादेवाने दंडाला धरून त्याला दाराबाहेर ढकललं, तेव्हा कुठे तो भानावर आला.

मग तो धावत सुटला. धोतर दुकानातच राहिलं. रस्त्यातले व्हिक्टोरियावाले ओरडत होते, हमाल हसत होते, लोकर मांड्यांना टोचत होती. पालव्या बंदरावर पोचला तेव्हा पायऱ्यांवर गर्दी पांगायला लागली होती. वाफेची छोटी होडी धक्क्यापासून बरीच दूर गेली होती आणि समोर मोठी आगबोट नांगरावर उभी होती.

धापा टाकत त्याने पिशवीत हवा भरली. दम पुरेना. पहिला सूर फाटून निघाला. मग धरला गेला, आणि साहेबाने शिकवलेली निरोपाची चाल त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली, मग परत वाजवली. वारा समुद्रावरून जमिनीकडे येत होता. होडीतल्या पुष्कळ गोऱ्यांनी टोप्या हलवल्या. त्या आधीपासूनच हलत होत्या. त्यातली एक आपल्यासाठी होती का, ते इतक्या दुरून समजण्याचा मार्ग नव्हता.

वाजवून झाल्यावर त्याला शेवंता दिसली. ती अगदी पायरीशी उभी होती. हातातला वड्यांचा डबा रिकामा होता.

"साहेबाने बघितलं का मला?" लवूने विचारलं.

"तुमास्नी बघितलंच कुठं त्यानं?" शेवंता म्हणाली. "रस्त्याकडे बघत हुता सारखा. होडीवाल्याला दोनदा थांबवलान. मला इचारलान, लवू बरा हाय ना? मी म्हटलं, बरा हाय, कापडं घालतोय."

"मग?"

"मग हसला. म्हणाला, घालू दे. आणि गेला."

परतताना ट्राममध्ये बसायची लवूची हिंमत होईना. दोघं चालत निघाली. गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी माणसं गोळा झाली. कुणी टाळ्या पिटल्या. एका गृहस्थाने पुढे होऊन विचारलं, वरातीला येणार का, आमच्या पुतण्याचं लग्न आहे. शेवंताने नाव-पत्ता विचारून घेतला आणि "येतील" असं सांगून टाकलं.

खोलीत आल्यावर तो भिंतीला टेकून बसला. बाहेर नळावर भांडी वाजत होती.

"धोतरात गेलो असतो तर भेटला असता," तो म्हणाला.

"व्हय," शेवंता म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही. चूल पेटवून भात ठेवला. मग मागे न बघताच म्हणाली, "उठा. फिरा बघू एकदा. त्या लुगड्यात काय तो झोका दिसला नव्हता."

लवू नाही म्हणाला. ती वळून बघत राहिली. शेवटी तो उठला आणि अंग चोरत एक गिरकी घेतली. चुण्या उघडल्या, मिटल्या. शेवंताला हसू फुटलं; तिने पदर तोंडाशी धरला, पण ते थांबेना. तिच्याकडे बघता बघता लवूही हसला, आणि हसतानाच त्याला रडू आलं. तो तसाच, साहेबाच्या चौकडीत, खोलीच्या मधोमध उभा राहिला.