भरल्या पेट्यांची गाडी

"अंगठा हलका ठेव. घाई तुला आहे, पेटीतल्या माश्यांना नाही."

हा मामांचा आवाज. इतकी वर्षं झाली, तरी इंजिन सुरू झालं की पहिल्यांदा तोच आठवतो.

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी डोंगरगाडी आहे. कारखान्याच्या कागदावर माझं नाव लांबलचक आहे, पुढे आकडे आहेत. लोक सरळ एटीव्ही म्हणतात आणि मोकळे होतात. मला छप्पर नाही, दारं नाहीत. घोड्यावर बसावं तसं पाय टाकून माझ्यावर बसायचं, दोन्ही हातांनी हँडल धरायचं आणि उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबायची. पट्टी दाबली की मी पळते. हळूच दाबली तर हळू, आणि एकदम दाबली तर मानेला हिसका बसेल अशी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे दरवर्षी नव्या गाड्यांची एक मालिका निघते. आमच्या वर्षी आम्ही पाच बहिणी होतो. एक शर्यतीची, अंगाने सडसडीत. एक दोघांनी बसायची. एक अगदी ठेंगणी, लहान मुलांना शिकण्यासाठी. एक हौशी लोकांची, थंडीत हँडल गरम होणारी. तिचा तोरा काही विचारू नका. आणि मी, कामाची. पुढे आणि मागे सामान बांधायच्या लोखंडी जाळ्या, जाड टायर, रंग मळखाऊ. आम्हाला पहिल्यांदा लोकांसमोर आणलं तेव्हा प्रत्येकीवर पांढरी चादर होती. चादरी एकदम ओढल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी चादर नेमकी हँडलला अडकली. ती सुटेपर्यंत टाळ्या वाजून संपल्या होत्या.

पण त्याआधी कारखान्याच्या चाचणीच्या वाटेवर एका माणसाने मला पोटभर पळवलं होतं. चिखल, खडी, उभा चढ. तो वेग एकदा अंगात भिनला आणि मी कायमची अस्वस्थ झाले. दुकानात काचेमागे उभी होते तेव्हाही मी आतून पळतच होते. आता कोण येईल, मला कुठे नेईल, कुठल्या माळावर मोकळी सोडेल, एवढंच डोक्यात.

आले ते मामा. नात्याने ते एकाच मुलीचे मामा, पण सारा गाव त्यांना मामाच म्हणायचा. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिले आणि विक्रेत्याला विचारलं, "सगळ्यात हळू किती चालते?"

"हळू, काका?"

"हळू. म्हाताऱ्या माणसाच्या पावलाने चालेल का? मध्येच बंद न पडता?"

"असं अजून कुणी विचारलं नाही हो."

"मग विचारून या आत. मी बसतो."

मित्रांनो, काय सांगू! पळण्यासाठी जन्मलेली मी, आणि नशिबी हे.

मामांचा धंदा मधमाश्यांचा. खाली खोऱ्यात फळबाग होती. तिथे बहर असेपर्यंत त्यांच्या पेट्या बागेत राहायच्या. बहर सरला की बागेत कीडनाशकाची फवारणी व्हायची, आणि त्याआधी पेट्या वर डोंगराच्या उतारावर, रानफुलांत न्यायला लागायच्या. एक जरी पेटी खाली राहिली तरी फवारणीनंतर तिच्यात जिवंत माशी उरत नसे. नेण्याची वेळही ठरलेली. दिवस कलला, सगळ्या माश्या घरी परतल्या, की पेटीच्या दाराला जाळी लावायची आणि निघायचं. आत चौकटींमध्ये मधाने जड झालेली मेणाची पोळी लोंबत असतात. गाडीने हिसका दिला की पोळं तुटतं, आणि त्याखाली राणी माशी सापडली तर अख्खं घर मोडतं.

म्हणून तो हलका अंगठा. चढावर अंग पुढे, उतारावर मागे, आणि वाट आडवी कललेली असेल तर डोंगराच्या बाजूला झुकायचं. मामा माझ्यावर बसले की माझा भार कुठे आहे हे माझ्याआधी त्यांना कळायचं.

पहिलं वर्षभर मी मनातल्या मनात धुसफुसत होते. मग एका संध्याकाळी वर पोचल्यावर मामांनी पेटीला कान लावला आणि म्हणाले, "झोपल्यात." एवढंच. माझ्या टाकीवर हात ठेवला आणि दोन घटका उभे राहिले, देवापुढे उभं राहावं तसे. माझी तगमग त्या दिवशी संपली असं म्हणणार नाही, पण तिला एक काम मिळालं. आतली सगळी ओढ आवरून धरायची, हेसुद्धा बळाचंच काम आहे हे मला उमगलं.

रोज सकाळी चहाच्या आधी ओल्या फडक्याने मला पुसायचा मामांचा नेम होता. तेल बघायचं, टायरची हवा बघायची, माश्यांच्या पाण्याचं ताट भरायचं, मग चहा. तेव्हा त्यात कधी खंड पडत नसे. विक्रेता दरवर्षी नव्या मालिकेचं चकचकीत पुस्तक पाठवायचा. मामा चष्मा लावून ते शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. "सगळ्यात जास्त वेग छापलाय. सगळ्यात कमी कुठेच नाही," असं म्हणून ते पुस्तक माश्यांना शांत करायला धूर द्यायच्या डब्यात घालायचे. तिथेही त्यांचं समाधान होत नसे. "कागद असा गुळगुळीत, की धड धूरही होत नाही."

मामांच्या हाताखाली त्यांची भाची होती. आई गेल्यावर लहानपणीच मामांकडे आली, म्हणून ती बारकी. आता तिचे स्वतःचे दोन मुलगे तिच्यापेक्षा उंच झाले होते, तरी मामांना ती बारकीच. गाडी चालवायला तिला मामांनीच शिकवलं. रिकाम्या पेट्या, मधाचे डबे, पाण्याचे कॅन ती न्यायची, आणि तिचा हात इतका मऊ की मला इंजिन चालू असल्याचंही भान राहत नसे. पण भरल्या पेट्या मामांच्या. तो त्यांचा हट्ट म्हणा, व्रत म्हणा.

आणि मग, मित्रांनो, मामांचा हात कापायला लागला.

पहिल्यांदा मला वाटलं, थंडी असेल. मग उन्हाळा आला, तरी अंगठा पट्टीवर ठरेना. टकटक, टकटक. मामा चालवत असले की मी एखाद्या उचकी लागलेल्या माणसासारखी जायचे. मामा खाली उतरून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ही झटके द्यायला लागली."

मेकॅनिकने मला उघडून पाहिलं. "हिला काही झालेलं नाही, मामा."

मामांनी मेकॅनिक बदलला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, तेव्हा मामा स्वतःच मागे लागले. सीटखाली गोधडी घातली. जाळीवर गवत अंथरलं. टायरची हवा आज थोडी, उद्या थोडी अशी काढत गेले, की हिसके मऊ लागावेत. शेवटी माझे टायर पोट सुटल्यासारखे दिसू लागले आणि दगडांवरून जाताना माझी चाकं ठेचाळू लागली. बारकी हे सगळं बघत होती. तिला दोष कुठे आहे हे ठाऊक होतं. पण कसं बोलणार? सकाळचं पुसणं आता बंद झालं होतं. ज्या गाडीवर राग आहे तिला कोण पुसतं?

त्या वर्षी बहर सरल्यावर पहिलीच भरली पेटी वर नेताना वळणावर अंगठा एकदम दाबला गेला. मी उसळले. पेटीच्या आत काहीतरी मऊसं कोसळलं. झाकणाच्या फटीतून मध ओघळून माझ्या गरम इंजिनवर आला आणि करपला. वर जाऊन पेटी उघडली तर राणी मेलेली. मामा बराच वेळ त्या पेटीशेजारी जमिनीवर बसून राहिले. मग उठून मला एक लाथ घातली. मला लागलं नाही, पण त्यांना लागलं असावं. लंगडत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बागेची मालकीण दारात आली.

"मामा, कीड वरच्या ओळींपर्यंत पोचली. फवारणीचा ट्रॅक्टर उद्या बोलावलाय. तुमच्या पेट्या अजून तिथेच?"

"एक दिवस थांबा. उद्या संध्याकाळी बागेत एकही पेटी दिसणार नाही. शब्द देतो."

"एक म्हणजे एकच हं. माझं सगळं पीक झाडावर आहे."

"एकच."

ती गेली तशी बारकी म्हणाली, "मामा, कशावर नेणार?"

"नवी गाडी घेऊ. सकाळी जाऊन ही बदलून येऊ."

मित्रांनो, रात्रभर मी शेडमध्ये कशी उभी राहिले ते माझं मला माहीत. निकामी झाले म्हणून मला काढलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण नसलेल्या दोषापायी जायचं होतं.

सकाळी बारकीने मला दुकानाच्या मागच्या अंगणात आणून उभं केलं. तिथे नव्या वर्षाची मालिका रांगेत मांडली होती. त्याही पाचच. शर्यतीची, दोघांची, ठेंगणी, हौशी, कामाची. रंग नवे, दिवे नवे, हँडलपाशी पेला ठेवायची जागासुद्धा. मला त्यांचा मत्सर नाही वाटला. उभ्या उभ्या पळत होत्या बिचाऱ्या. मी ओळखलं ना ते.

मामांनी येताना एक रिकामी पेटी बरोबर आणली होती, आत नुसत्या चौकटी. ती त्यांनी कामाच्या नव्या गाडीच्या जाळीवर बांधली आणि स्वतः बसले. अंगणातच फेरी मारली. पेटीतल्या चौकटी भांड्यांच्या फडताळासारख्या खडखडल्या.

"नवीन इंजिन जरा कडक असतं, काका," विक्रेता म्हणाला. "ताई, तुम्ही बघा बरं एकदा."

बारकीने एकदा मामांकडे पाहिलं आणि बसली. मी कान टवकारले, म्हणजे कान असते तर टवकारले असते. तिचा तो मऊ अंगठा. ती निघाली, आणि चौकटी खडखडल्या. पुन्हा निघाली, पुन्हा खडखडल्या. मामांपेक्षा जास्तच.

"सगळ्याच झटके देतात आता, मामा," ती उतरत म्हणाली. "बनवतातच तशा."

 विक्रेत्याने तोंड उघडलं, तसं मामांनी हाताने त्याला थांबवलं.

"तू मुद्दाम दाबलीस."

"नाही रे."

"बारके, तुझा अंगठा मी घडवलाय. मला सांगतेस?"

तिने मान खाली घातली. "मग काय करू? तोंडावर सांगू?"

"सांगायचंस की."

"मागे एकदा म्हटलं, हात डॉक्टरला दाखवून ये. तर आठवडाभर बोलला नाहीस माझ्याशी."

"आठवडा नव्हता."

"होता."

"बरं, होता." मामांनी उजवा हात डाव्या तळहातावर ठेवला आणि परक्याची वस्तू बघावी तसा तो बघत राहिले. हात कापतच होता. मग चालत माझ्यापाशी आले. माझ्या इंजिनवर काळा राप होता, करपलेल्या मधाचा डाग होता. खिशातून रुमाल काढून त्यांनी तो पुसायला घेतला. डाग निघाला नाही. ते पुसत राहिले.

"हिला उगाच बदनाम केलं मी," ते म्हणाले. "पेट्या तू ने."

"भरल्या?"

"भरल्याच तर न्यायच्यात."

"आणि तू मागून ओरडत बसणार, असं नाही तसं नाही."

"एक शब्द बोलणार नाही."

"बघ हं."

विक्रेता अजून आशेवर होता. "मग काका, नवीनचं काय करायचं?"

"पुढच्या वर्षीची मालिका येऊ दे. पुस्तकात सगळ्यात कमी वेग छापा, मग येतो."

वाटेत पंपावर बारकीने माझ्या टायरांत पाहिजे तेवढी हवा भरून घेतली. मला पुन्हा पाय फुटल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, आज तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिला वेळेवर तेल द्या, हवा द्या, पुसा. आणि ती चुकतेय असं वाटलं, तर तिला लाथ घालण्याआधी एकदा आपला हात बघा. तो हात आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा असेल तर आणखी जपून बघा. कापणाऱ्या हाताला चारचौघांत उघडं पाडू नका, पण त्याच्याशी खोटंही बोलू नका. बारकी त्या दिवशी मायेपोटी खोटं बोलली, आणि मामांना तेच जास्त लागलं असं मला वाटतं. अर्थात मी आपली एक गाडी. माणसांचं मला सगळंच कुठे कळतं?

संध्याकाळी आम्ही बागेत पोचलो तेव्हा फवारणीचा ट्रॅक्टर फाटकाशी येऊन उभा होता. मालकीण कुंपणाला टेकून वाट बघत होती. माश्या घरी परतल्या. मामांनी एकेका दाराला जाळी लावली, बारकीने पेट्या माझ्या जाळ्यांवर आणि मला मागे जोडलेल्या लहान ट्रॉलीत चढवल्या. पट्टे दोघांनी मिळून आवळले. मामा ओढायचे, ती कडी अडकवायची. पेट्यांतून बारीक, बेचैन गुणगुण येत होती. माझ्या पोटातही तीच होती. चढ समोर होता आणि मला एका दमात वर जायचं होतं.

बारकी बसली. तिचा अंगठा पट्टीवर टेकला, तोही जरासा थरथरला. भीतीने असेल. तिने मान वळवून मामांना शोधलं.

मामा मागे नव्हतेच. काही न बोलता ते वाटेला लागले होते, आमच्या पुढे, जरा लंगडत, वाटेतला एकेक दगड पायाने बाजूला सारत.