गजर कोणी बंद केला

दुपारचा प्रयोग संपला तरी औषधाच्या दुकानातल्या बाईंना टाळ्या वाजवायचं सुचलं नाही. नाटक त्यांच्या जुन्या मैत्रिणीनं, लंबूनं लिहिलेलं. एकच खोली, तीन खाटा, तीस वर्षांनी तिथे भेटलेल्या दोघी आणि एकच सवाल: अखेरच्या परीक्षेच्या सकाळी तिसरीचा गजर कोणी बंद केला? तिसरी झोपून राहिली, पेपर बुडाला, शिक्षणच सुटलं.

ती सकाळ खरंच घडलेली. वसतिगृहात बाई, लंबू आणि चिमणी एकाच खोलीत राहायच्या; ती तिसरी म्हणजे चिमणी. आणि गजर बंद केला होता बाईंनी. बटणाचा गारवा अजून अंगठ्यात होता. मग रंगमंचावर त्या दोघींतली उंच बाई 'मी केला' म्हणून ढसाढसा का रडली?

बाहेर चहाच्या टेबलाशी प्रेक्षकांना कंठ फुटला होता.

"उंच बाईच दोषी. रडली केवढी!" एक गृहस्थ म्हणाले.

"रडली ती कसली दोषी? गप्प बसली ती खरी आतल्या गाठीची," त्यांची बायको म्हणाली.

"अहो, जिचा पेपर तिनं उठायला नको?" मागून कोणीतरी म्हणालं.

बाईंनी तिघांनाही मान डोलावली.

"मला तर दोघी खोटारड्या वाटल्या," सोबत आलेली नणंद म्हणाली. "तुला काय वाटलं गं, वहिनी?"

"आलेच," म्हणून बाईंनी चहा तसाच टाकला आणि थेट रंगपटात शिरल्या. लंबू बिस्किट खात बसली होती.

"गजर मी बंद केला होता," बाई म्हणाल्या.

"तू? काहीतरीच! तू तर पहाटेच न्हाणीघरात गेलीस. मी केला. तीस वर्षं मन खातंय मला."

"तुला नाही, मला खातंय!"

दोघी हमरीतुमरीवर आल्या. शेवटी लंबूनं फोन काढला. चिमणीचा नंबर तिनं वर्षापूर्वीच मिळवला होता, लावायचा धीर मात्र झाला नव्हता. आता तिनं तो स्पीकरवर लावला.

चिमणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, मी गजर लावलाच नव्हता. मला ते शिक्षण नको होतं, घरी सांगायची छाती नव्हती. डोक्यावर पांघरूण घेऊन जागीच होते."

बाईंनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. लंबूनं उरलेलं बिस्किट बाजूला ठेवलं.

"पण एक सांगा," चिमणी म्हणाली. "तुम्ही दोघी माझ्या खाटेजवळून पुढे गेलात. एकीनंही हाक मारली नाही. का गं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना उत्तर तरी सुचलं असतं. त्यांनी ती सकाळ आठवून पाहिली: चपला, पेनं, दार. हाक मात्र कुठेच नव्हती, आणि ती का नव्हती याचं कारणही.

"आठवत नाही गं," त्या म्हणाल्या.

"बरं. आठवलं की कळवा. माझी रोपं उन्हात राहिलीत," म्हणून तिनं फोन ठेवला.

"आता उद्याच्या प्रयोगाचं काय करू?" लंबूनं विचारलं.

"मला नको विचारूस," बाई म्हणाल्या, आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या.