ओटीपी कुणी सांगितला?

प्रियदर्शनी पाटोद्याच्या एका खासगी दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीत नर्स होती. सकाळी आठ ते दुपारी तीन ड्युटी, आणि तेवढा वेळ मोबाइल लॉकरमध्ये. नियम तिला पटत होता. माणसाचं रक्त नळीतून फिरत असताना नर्सचं लक्ष फोनकडे कशाला? पण ऑनलाइन सामान पोचवणाऱ्यांनाही नेमकी हीच वेळ सापडे. तिने मागवलेली साधी छत्री तीनदा माघारी गेली होती. दरवेळी ॲपवर एकच शेरा, ‘ग्राहक उपलब्ध नव्हते’. नोकरी करणाऱ्या माणसाने घरी वाट बघत बसायचं तरी कधी? तिने हसून तो नाद सोडला.

मग आष्टीच्या विजयसिंहाशी तिचं लग्न ठरलं. साखरपुड्यात त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, चारचौघांत छातीठोकपणे सांगितलं, “आमी हुंडा घेत न्हाई. शिकलेली मानसं हाव आमी.” प्रियदर्शनीचे वडील रामकिसन कापडाच्या दुकानात कामाला होते. हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

चौथ्या दिवशी पहिली लिंक आली, फ्रिजची. मग वॉशिंग मशीनची, मग मोठ्या टीव्हीची. खाली विजयसिंहाचा निरोप असे, ‘तुझ्याच संसाराला आहे ना? तुझ्या फोनवरून मागव, पत्ता आमचा टाक.’ काय सोय बघा! यादी नाही, बैठक नाही, साक्षीदार नाही. बिल मुलीच्या नावावर, आणि उद्या कुणी विचारलंच तर तिने हौसेने घेतलं म्हणायला मोकळे. पूर्वीच्या लोकांना तोंडाने मागावं लागे, तेवढी तरी लाज होती.

फ्रिज रविवारी पोचला म्हणून निभावलं. वॉशिंग मशीन मात्र मंगळवारी आलं. अशी महागाची वस्तू मागवणाऱ्याच्या फोनवर आलेला ओटीपी सांगितल्याशिवाय उतरवत नाहीत, आणि प्रियदर्शनीचा फोन लॉकरमध्ये. टेम्पो माघारी गेला. बुधवारीही तेच झालं. मनकर्णाबाईंनी मशीन बघायला भावकी बोलावली होती! त्यांनी थेट रामकिसनना फोन लावला.

“तुमच्या पोरीला फोन उचलाया येळ न्हाई का? उद्या तुमीच या, अन् गाडी येऊन पोरगी आकडे सांगंस्तवर हितं बसा.”

रामकिसन पहाटेच्या एसटीने गेले. एप्रिलचं ऊन होतं. व्याह्यांना कुणी घरात घेतलं नाही. गाडी चुकेल म्हणून फाटकाबाहेर रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं. त्यांनी पाणी मागितलं तर अंगणातल्या नळाकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी प्रियदर्शनीने डॉक्टरांची परवानगी काढून फोन खिशात ठेवला होता. तो एक वाजता वाजला.

“मॅडम, शहेबाज बोलतोय, मशीन आणलंय. ओटीपी सांगा.”

मागून मनकर्णाबाईंचा आवाज आला, “बघत कावून बसलाव, पाव्हणं? उचला की! वरच्या मजल्यावर न्यायचंय.”

“कुनाला म्हणतायत त्या?” प्रियदर्शनीने विचारलं.

शहेबाज घुटमळला. “एक म्हातारे हायत. सकाळधरनं उन्हात बसलेत. तुमचे वडील म्हणले. मी म्हणलो मी चढवतो, तर बाई म्हणतात, ह्यांनाच चढवू द्या.”

फोनच्या पडद्यावर ओटीपीचे चार आकडे दिसत होते.

“परत न्या,” ती म्हणाली.

“आँ? मग कारण काय टाकू? पत्ता चुकला म्हणून टाकू?”

“न्हाई. पत्ता बरोबर हाय. ग्राहकानं नाकारलं, असंच टाका.”

संध्याकाळी रामकिसन घरी आले ते उंबऱ्यातच बसले. “माझी इज्जत घालवलीस,” ते म्हणाले.

“इज्जत त्यांनी फाटकाभाईर बसवलती, अण्णा.”

ते उठून आत गेले. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नाहीत.

लग्न मोडलं. वाटलं होतं, विषय संपला. तिसऱ्या आठवड्यात आष्टीहून निरोप आला, “थोरली लई शानी निघाली. धाकटी चालंल. बाकी ठरल्यापरमानं.” धाकटी मोहिनी महिन्यापूर्वीच अठराची झाली होती; ताईसारखं नर्स व्हायचं म्हणून अर्ज भरून बसली होती. आणि ज्या बापाला त्या लोकांनी दिवसभर उन्हात बसवलं, त्याच बापाने हात जोडून होकार दिला! चिडावं की कीव करावी, कळत नाही. ठरलेलं लग्न मोडलं, आता गावात तोंड कसं दाखवू, एवढंच त्यांना दिसत होतं. पोरीचं तोंड काही दिसलं नाही. त्यांनी मशीन पुन्हा मागवायला लावलं, यावेळी मोहिनीच्या फोनवरून.

प्रियदर्शनीने बहिणीला जवळ घेतलं. “कुनी बी मागू दे, आकडे सांगू नको. आधी मला फोन कर. मी अण्णांशी बोलते.”

“नक्की उचलशील ना, ताई?”

“उचलते गं.”

शनिवारी सकाळी वॉर्डात दोन पेशंटची तब्येत एकदम बिघडली. धावपळीत परवानगी विचारायची राहिली आणि फोन लॉकरमध्येच राहिला. तीन वाजता तिने लॉकर उघडला. मोहिनीचे अकरा फोन येऊन गेले होते. खाली निरोप होता, ‘ताई, आष्टीला गाडी आलीय. मी सांगत न्हाई म्हणले तर अण्णा भिंतीवर डोकं आपटून घेतायत. उचल ना.’

त्याखाली, अर्ध्या तासानंतरचा, एकच शब्द होता.

‘सांगितला.’

प्रियदर्शनी लॉकरला टेकून रडली. मग तिने तोंड धुतलं. लग्नाला नऊ दिवस होते आणि विजयसिंहाच्या लिंका तिने पुसल्या नव्हत्या. त्या घेऊन हुंड्याची तक्रार द्यायला ती एकटीच पोलीस ठाण्याकडे निघाली. तिथे तिला पहिला प्रश्न हाच विचारतील की वस्तू तर तुम्हीच मागवल्या होत्या ना, हे तिला ठाऊक होतं.

तिच्याबरोबर कुणी गेलं नाही. येत्या लग्नसराईत तुमच्या दारात असा टेम्पो थांबेल. तुम्ही नवऱ्या मुलाचे मामा असाल, मावशी असाल, शेजारी असाल. वस्तू उतरवून घेण्याआधी एवढं तरी विचारा, ओटीपी कुणी सांगितला?